इंजिनाचा स्टँड घेताना



घराच्या मागे पत्र्याची शेड, खाली कोबा, भिंतीवर पान्यांचा फळा आणि दाराशी दुरुस्तीला आलेल्या दोन गाड्या. अशी घरची गॅरेजे आपल्या वस्त्यांतून आता बरीच दिसतात. मुलगा आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड पुरा करतो, एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली तीन-चार वर्षे घासतो आणि मग घरच्याच जागेत स्वतःचे काम सुरू करतो. भांडवल बहुधा आईच्या भिशीतले किंवा वडिलांच्या फंडातले असते. अशाच एका घरातल्या भगिनीने आम्हांला विचारले, "मुलगा इंजिन ठेवायला स्टँड घ्यायचा म्हणतो. आजवर इंजिन जुन्या टायरवर ठेवूनच काम चालले. मग हा खर्च गरजेचा की हौसेचा?"

प्रश्न रास्त आहे. घरात एकच पगार असेल तर प्रत्येक हजाराचा जाब विचारलाच पाहिजे. आमचे उत्तर असे, की ताई, हा खर्च हौसेचा नाही. मात्र चुकीचा स्टँड घेतला तर तो टायरपेक्षा जास्त धोक्याचा आहे. टायरवरचे इंजिन पडून पडून किती पडणार? चार बोटे. स्टँडवरचे इंजिन कमरेच्या उंचीवरून पडते, आणि खाली पोराचा पाय असतो.

आम्ही कारकून माणूस, पाना आमच्या हातात शोभत नाही. पण वस्तीतल्या कामानिमित्त गॅरेजवाल्या मुलांत आमचे उठणे-बसणे आहे आणि एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर आमच्या ओळखीचे आहेत. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथे एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. तिथे काम केलेल्या माणसाला वजनाची भीती असते. ही भीती शहाणपणाची असते. खाली लिहिलेले बरेचसे अशाच माणसांकडून ऐकलेले आहे, आणि काही आम्ही स्वतः टेप घेऊन मोजलेले आहे.

आधी हा स्टँड करतो काय, ते घरातल्या सर्वांना कळावे म्हणून सांगतो. जमिनीवर चाकांचा पाया, त्यावर एक उभा खांब, खांबाच्या डोक्यावर आडवी नळी आणि त्या नळीत फिरणारी एक प्लेट. प्लेटला चार सरकते हात असतात. इंजिनाची जी बाजू गिअरबॉक्सला जोडलेली असते, म्हणजे बेल हाऊसिंगकडची बाजू, तिला हे चार हात बोल्टने आवळतात. मग इंजिन हवेत राहते आणि हवे तसे फिरवता येते. हेडचे काम करताना सरळ, चेंबर उघडून क्रँकची बेअरिंगे बदलताना उलटे. टायरवर हेच करायचे तर दोघांनी मिळून इंजिन उलटवावे लागते. त्यात बोटे चेपतात, कंबर धरते आणि उघड्या इंजिनात धूळ जाते ती वेगळीच. नव्या बेअरिंगवर मातीचा कण गेला तर तीन महिन्यांत गिऱ्हाईक परत दारात उभे राहते.

आता मुख्य गोष्ट. इंजिन खांबाच्या डोक्यावर बसत नाही, ते खांबाच्या पुढे लोंबते. हे ज्याला समजले त्याला स्टँड निवडता आला असे समजा. भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई विहिरीपासून घरापर्यंत येते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगितली तर दहा पावले टाकवत नाहीत. कळशीचे वजन तेवढेच असते, पण अंतर वाढले की ते जड होते. स्टँडचा खांब म्हणजे लांब केलेला हात आहे.

दुकानात मात्र खांबावर एक चिकटपट्टी असते आणि तिच्यावर मोठा आकडा असतो. कुठे १००० पौंड, म्हणजे साडेचारशे किलो. कुठे ७५० पौंड, म्हणजे ३४० किलो. दुकानदार म्हणतो, "तुमचे इंजिन दोनशे किलोचे, स्टँड साडेचारशेचा, मग काळजी कसली?" पण वजन खांबापासून किती अंतरावर धरून हा आकडा काढला, हे पट्टीवर क्वचितच लिहिलेले असते. दोनशे किलोच्या इंजिनाचा मध्य खांबापासून ५० सेंटिमीटरवर आला, तर खांबाच्या मुळाशी पडणारा वाकवण्याचा जोर १०० किलो-मीटर होतो. मध्ये लांब स्लीव्ह घातल्या आणि इंजिन आणखी ५ सेंटिमीटर पुढे गेले, की तोच जोर ११० होतो. वजन गुंजभरही वाढलेले नसते. म्हणून आमचा साधा नियम असा, की इंजिनाच्या वजनाच्या निदान दुप्पट आकडा असलेला स्टँड घ्यावा, आणि तेवढ्यावरही विश्वास ठेवू नये. बाकीचे डोळ्यांनी बघावे.

इंजिनाचे वजन अंदाजाने धरू नका. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ते बहुधा असते. नसेल तर एखादे तसलेच इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघा, चहाच्या पैशात काम होते. तीन सिलिंडरचे छोट्या मोटारीचे पेट्रोल इंजिन आणि जीपचे बिडाच्या ब्लॉकचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन यांच्या वजनात फार मोठा फरक असतो. मुलगा आज छोट्या मोटारी करतो म्हणून हलका स्टँड घेतला आणि उद्या जीपवाला दाराशी आला, तर तो गिऱ्हाईक परत पाठवणार नाही. हे आपल्याला आणि त्यालाही ठाऊक आहे. तेव्हा येणाऱ्यातले सर्वांत जड इंजिन धरूनच हिशेब करावा. ट्रक, बस, ट्रॅक्टर यांची इंजिने मात्र एका खांबाच्या स्टँडवर चढवू नयेत. त्यांना दोन्ही टोकांनी धरणारी चौकट लागते. घरच्या शेडमध्ये ते काम घेऊच नये, असे आमचे मत आहे.

आता पाया. बाजारात स्वस्त स्टँड येतात ते तीन चाकांचे. मागे आडव्या दांडीला दोन चाके आणि पुढे एकाच पायाला एक चाक. हे घेऊ नका, फुकट मिळाले तरी घेऊ नका. वजन सगळे पुढे आणि आधार पुढेच अरुंद, असा हा उलटा कारभार आहे. इंजिन फिरवताना किंवा घट्ट बसलेला नट सोडवताना आडवा झटका बसतो आणि स्टँड कुशीवर जातो. पुढेही रुंद आडवी दांडी आणि तिच्या दोन टोकांना दोन चाके, असा चार चाकांचाच पाया हवा.

पायाची लांबी टेपने मोजा. इंजिनाच्या लांबीचा निम्मा भाग आणि त्यात प्लेटपासून खांबापर्यंतचे अंतर मिळवा, म्हणजे इंजिनाचा मध्य खांबापासून किती दूर येणार ते कळते. तिथून गवंड्याचा ओळंबा सोडला असे समजा. तो पुढच्या चाकांच्या बराच आत पडला पाहिजे. मघाच्या उदाहरणात मध्य ५० सेंटिमीटरवर होता. पुढची चाके खांबापासून ८० सेंटिमीटरवर आणि मागची खांबाखालीच असतील, तर दोनशेपैकी सव्वाशे किलो पुढच्या दोन चाकांवर येतात आणि पाऊणशे मागच्यांवर. स्टँड उभा राहतो. पुढची चाके ५५ सेंटिमीटरवरच असतील तर सगळा खेळ पाच सेंटिमीटरचा. एक धक्का पुरे.

इथे घरच्या जमिनीचा प्रश्न येतो. कारखान्यात जमीन आरशासारखी असते. आपल्याकडे शहाबादी फरशी, तिच्यात बोटभर सांधे, नाहीतर पाणी जावे म्हणून उतार काढलेला कोबा. छोटी चाके सांध्यात अडकतात आणि वरचे इंजिन पुढे जायला बघते. चाक जितके मोठे तितके बरे, आणि ते लोखंडी किंवा बिडाचे असावे. प्लॅस्टिकचे चाक महिनाभर उभ्या वजनाखाली चेपून बसते. पुढच्या चाकांना ब्रेक असेल तर उत्तम. नसेल तर लाकडी उटी लावावी. स्टँड जिथे कायम उभा करायचा, तेवढी तीन फूट बाय पाच फूट जागा तरी सपाट कोबा करून घ्या. गवंड्याची एका दिवसाची मजुरी जाते, पण ती स्टँडच्या किमतीतच धरावी.

घडीचे स्टँड मिळतात, जागा वाचते म्हणून आपल्या दहा बाय बाराच्या जगात ते आकर्षक वाटतात. त्यांत चांगलेही असतात. पण घडी म्हणजे बिजागरी, आणि बिजागरीची पिन झिजते. रोज काम करणाऱ्याने एकसंध वेल्डिंगचाच घ्यावा आणि रिकामा असताना तो भिंतीला लावून ठेवावा.

खांब बघताना त्याच्या मुळाशी बघा. खांब आणि पाया मिळतात त्या कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी वेल्ड केलेली हवी. ती नसेल तर नुसत्या वेल्डिंगच्या रेघेवर सगळा भार असतो. वेल्डिंग सलग, मधे भोके नसलेले, चारही बाजूंनी फिरलेले हवे. जाड रंगाखाली बरेच काही झाकता येते, म्हणून नखाने नव्हे तर किल्लीने खरवडून बघायला लाजू नका. दुकानदार रागावला तर दुसरे दुकान आहे. डोक्यावरची नळी किंचित वरच्या बाजूला कललेली असेल तर तो दोष समजू नका. वजन आले की ती थोडी खाली झुकते आणि इंजिन सपाटीला येते, म्हणून मुद्दाम तशी ठेवलेली असते.

फिरवण्याची सोय दोन प्रकारची असते. एकात प्लेटच्या मागे भोके असतात, हवे तिथे पिन घालून इंजिन अडकवायचे. दुसऱ्यात वर्म गिअर असतो. हँडल फिरवले की इंजिन सावकाश फिरते आणि हात सोडला तरी जागच्या जागी थांबते. दुसरा महाग पडतो. छोट्या पेट्रोल इंजिनांसाठी पिनवाला चालतो. डिझेलची कामे येत असतील तर गिअरवाल्यासाठी आणखी दोन महिने भिशी भरावी, पण तोच घ्यावा. कारण असे, की इंजिनाचा तोल प्लेटच्या बरोबर मध्यावर कधीच नसतो. पिन ओढली की जड बाजू धाडकन खाली येते आणि हँडल हनुवटीला लागते. हेड उतरवले की तोल पुन्हा बदलतो. सकाळी शांत वाटलेले इंजिन दुपारी उसळी घेते. पिनवाल्या स्टँडवर एकाने हँडल घट्ट धरल्याशिवाय दुसऱ्याने पिनेला हात लावायचा नाही. प्लेट बसवतानाही चार हातांचा मध्य इंजिनाच्या तोलाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणावा. हा तोल सहसा क्रँकच्या रेषेच्या थोडा वर असतो.

बोल्टकडे तर कुणी बघतच नाही. हजारोंचा स्टँड घेतात आणि डब्यातले जुने बोल्ट लावतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. ८.८ चा बोल्ट साध्या ४.६ च्या बोल्टपेक्षा दुप्पट ताण घेतो. आकडा नसलेला बोल्ट इथे वापरू नये. चारही बोल्ट लावावेत, तीनवर भागवू नये, आणि ते एकमेकांपासून जितके लांब घेता येतील तितके घ्यावेत. १० मिलिमीटरचा बोल्ट ब्लॉकमध्ये निदान १५ मिलिमीटर आत गेला पाहिजे. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर २०. दोन-तीन आट्यांवर धरलेला बोल्ट आटे घेऊनच बाहेर येतो, आणि मग गिऱ्हाइकाचा ब्लॉकही आपल्या माथी. आट्यांचे मापही जुळवून घ्या. १० मिलिमीटरच्या बोल्टला दीड मिलिमीटरचे आटे असतात तसे सव्वा मिलिमीटरचेही असतात. हाताने पाच-सहा फेरे सहज गेला तरच पाना लावावा.

आमचे काही मित्र म्हणतील, की बाजारचा कशाला, आपल्याच वस्तीतला वेल्डर बनवून देईल. जरूर द्यावा. चांगल्या वेल्डरच्या हातचा स्टँड दुकानातल्या हलक्या मालापेक्षा सरस असतो आणि पैसा वस्तीत राहतो. अट एवढीच, की मालात काटकसर नको. दोनशे किलोच्या इंजिनासाठी ६० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप खांबाला असावा. फर्निचरचा पातळ पाइप दिसायला तसाच दिसतो, पण तो कपाटासाठी आहे. फिरणारी नळी आणि तिची बाहेरची बाही लेथवर नीट बसवून घ्यावी. तिथे खेळ राहिला तर इंजिन मान डोलावत राहते.

आणि नवा स्टँड, दुकानाचा असो की वेल्डरचा, इंजिन चढवण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. प्लेटला एक मजबूत पाइप बांधून, इंजिनाचा मध्य जिथे येणार तिथे दोराने गोण्या टांगाव्यात. दोनशे किलोच्या इंजिनासाठी सहा गोण्या, म्हणजे दीडपट. गोण्या जमिनीपासून दोन बोटेच वर राहतील असा दोर बांधावा, म्हणजे काही तुटले तरी कुणाचे नुकसान नाही. टांगण्याआधी नळीच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर लिहून ठेवावी. रात्रभर तसेच ठेवावे, सकाळी गोण्या काढाव्यात आणि पुन्हा मोजावे. वजनाखाली टोक थोडे झुकले तर हरकत नाही, लोखंडाचा तो स्वभाव आहे. पण वजन काढल्यावर ते मूळ उंचीवर परत आले नाही, तर खांब कायमचा वाकला. असा स्टँड परत करावा. त्यासाठीच कच्च्या चिठ्ठीवर नव्हे, तर वजनाचा आकडा लिहिलेल्या पक्क्या पावतीवर खरेदी करावी. महात्मा फुले महामंडळाकडून किंवा बँकेकडून कर्जप्रकरण करणाऱ्यांना कोटेशन द्यावेच लागते. त्या कोटेशनमध्ये नुसते "इंजिन स्टँड, नग १" असे लिहून घेऊ नये. चार चाकांचा, किती किलोचा, पिनेचा की गिअरचा, हे सर्व लिहून घ्यावे. नुसते नाव असेल तर पुरवठादार त्या नावाखाली जे सर्वांत हलके असेल तेच पाठवतो. कागदाचा आमचा अनुभव हाच आहे.

खर्चाबद्दल दोन शब्द. बी.कॉम.ला आम्हांला घसारा शिकवला. मोटारसायकल घेतली की पहिल्याच वर्षी तिची किंमत पडते. चांगल्या स्टँडला घसारा नावापुरता. त्यात झिजणारे असे चाके आणि पिन एवढेच. महिन्याला एक इंजिन उतरत असेल तर पाच वर्षांत साठ इंजिने त्यावरून जातात. किमतीला साठाने भागा आणि मग महाग-स्वस्त ठरवा. आता विजेच्या गाड्या आल्या, इंजिने राहणार का, असेही कुणी विचारते. आज रस्त्यावर धावणारी पेट्रोल-डिझेल-सीएनजीची वाहने एका रात्रीत भंगारात जाणार नाहीत, त्यांची कामे बरीच वर्षे येत राहतील. पण ज्याच्याकडे नुसत्या दुचाक्या आणि रिक्षा येतात, त्याने हा स्टँड घेऊच नये. ती इंजिने भक्कम टेबलावर, व्हाइसच्या शेजारी चांगली होतात. त्याने त्या पैशात चांगला टॉर्क पाना घ्यावा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. स्टँड इंजिन धरतो, उचलत नाही. गाडीतून इंजिन काढून स्टँडपर्यंत आणायला चेन कप्पी लागते, आणि कप्पी टांगायला जागा लागते. शेडच्या पत्र्याखालचा पाइप ही ती जागा नव्हे. तो पत्रा पेलण्यासाठी आहे. कप्पीसाठी जाड पाइपांची स्वतंत्र चौकट किंवा तिपाई करावी, नाहीतर चाकांची इंजिन क्रेन दिवसाच्या भाड्याने मिळते का ते पाहावे. इंजिन कप्पीला लटकलेले असतानाच क्लच, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील काढून घ्यावे, कारण प्लेटचे हात त्याच बाजूला बसतात. बोल्ट चारही आवळले, चाकांना उटी लावली, मग साखळी हळूहळू सैल करावी. पूर्ण सोडण्याआधी पाच मिनिटे थांबून चारही बोल्टांवरून पुन्हा पाना फिरवावा. जोडणी संपल्यावर हाच क्रम उलटा. फ्लायव्हील आणि मागचे ऑइल सील स्टँडवर बसत नाही, इंजिन पुन्हा कप्पीला घ्यावे लागते.

इंजिन चढवलेला स्टँड शेडभर फिरवू नये. हलवावाच लागला तर दोघांनी, फरशीवरचे नट-बोल्ट झाडून, पाया धरून हलवावा. इंजिनाला धक्का देऊन कधीच नाही. घरचे गॅरेज म्हणजे अंगणातच पोरे खेळणार. फिरणारे हँडल त्यांना झोपाळा वाटतो. काम थांबले की पिनेला कडी घालून कुलूप लावावे आणि इंजिनावर जाड कापड टाकावे. खाली तेलासाठी पत्र्याची परात ठेवावी, तेल सांडले की स्टँडही सरकतो आणि माणूसही. पावसाळ्याच्या आधी फिरत्या नळीत ग्रीस भरावे, चाकांच्या धुरीला तेल द्यावे आणि स्टँडचे चार बोल्ट वेगळ्या डब्यात, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, नाव लिहून ठेवावेत, म्हणजे दुसऱ्या कामाला कुणी उचलणार नाही.